स्केल मॉडेलसाठी पंखाचा एअरफॉइल निवडताना : १/६ स्पिटफायरच्या निमित्ताने

स्केल मॉडेल बांधताना मूळ विमानाचे प्रत्येक माप ठरलेल्या प्रमाणात लहान करायचे असते आणि पंख्यापासून चाकांपर्यंत तो हिशेब बिनतक्रार चालतो. पंखाच्या छेदापाशी आल्यावर मात्र तो थांबवावा लागतो, कारण विमान सहापटीने लहान झाले तरी ज्या हवेतून ते उडणार आहे ती हवा तशीच राहते. मूळ विमानाला उत्तम ठरलेला एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, जसाच्या तसा लहान केला, तर दिसायला अचूक पण उतरताना विश्वासघात करणारे मॉडेल तयार होऊ शकते. म्हणून या लेखात एकच विमान, म्हणजे १/६ प्रमाणातली सुपरमरीन स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान), समोर ठेवून एअरफॉइल कसा ठरवावा हे क्रमाने सांगतो. माझे म्हणणे एवढेच आहे की निवड पंखाच्या बुंध्यापासून न करता टोकापासून करावी, आणि तीही विमानाच्या सर्वात कमी वेगाला.

स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. तिच्या लंबवर्तुळाकार पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर आणि क्षेत्रफळ साधारण २२.५ चौरस मीटर आहे. पंखाच्या बुंध्याशी नाका २२१३ आणि टोकाकडे नाका २२०९.४ हा एअरफॉइल वापरलेला होता. अमेरिकेतल्या ‘नाका’ या संस्थेने १९३० च्या दशकात ठरवलेल्या या चार अंकी नावांत पहिला अंक बाक, म्हणजे छेदाची कमान, किती हे सांगतो, दुसरा अंक तो बाक पुढच्या कडेपासून किती अंतरावर सर्वाधिक आहे हे दहाच्या पटीत सांगतो, आणि शेवटचे दोन अंक जाडी सांगतात. ही सगळी मापे कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या, टक्केवारीत असतात. म्हणजे २२१३ चा बाक २ टक्के, तो पुढून २० टक्क्यांवर, आणि जाडी १३ टक्के. याशिवाय बुंध्याशी पंख २ अंश वर आणि टोकाशी अर्धा अंश खाली असा पिळलेला होता. टोकाकडे पंख असा खाली वळवण्याला वॉशआउट म्हणतात, आणि पुढे त्याचे काम पुन्हा येणार आहे.

आता हवेचा प्रश्न. पंखावरून वाहणारी हवा कशी वागेल हे रेनॉल्ड्स अंकावर अवलंबून असते, आणि हा अंक वेग व कॉर्ड यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतो. आपल्याकडच्या तीस अंशांच्या आसपासच्या हवेत सोपा हिशेब असा करता येतो : सेकंदाला मीटरमध्ये वेग, गुणिले मिलिमीटरमध्ये कॉर्ड, गुणिले ६०. पुण्याच्या उंचीवर हा गुणक किंचित कमी आणि मुंबईच्या किनाऱ्यावर किंचित जास्त येतो, पण निवडीसाठी ६० पुरेसा आहे. खरी स्पिटफायर ताशी ३६० किलोमीटरने उडत असेल, तर तिच्या सरासरी दोन मीटर कॉर्डला हा अंक सव्वा कोटीच्या आसपास जातो. मॉडेलचा अंक लाखांत मोजावा लागतो.

तो नेमका किती, हे कळण्यासाठी आधी मॉडेलचा स्टॉल वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, काढावा. १/६ प्रमाणात पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ६२ चौरस डेसिमीटर येते. उड्डाणासाठी तयार मॉडेलचे वजन ५ किलो धरले, तर विंग लोडिंग ८० ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर होते. या आकड्याला १.६ ने गुणून वर्गमूळ काढले की स्टॉल वेग सेकंदाला मीटरमध्ये मिळतो. त्यात पंखाचा कमाल लिफ्ट गुणांक, म्हणजे पंख जास्तीत जास्त किती उचल देऊ शकतो ते सांगणारा आकडा, १.१ धरलेला आहे आणि या आकाराच्या मॉडेलला फ्लॅप (उतरताना खाली वळवायचे पंखाच्या मागच्या कडेचे भाग) वर असताना तेवढाच धरणे शहाणपणाचे असते. आपल्या उदाहरणात उत्तर ११.३ येते, म्हणजे ताशी सुमारे ४१ किलोमीटर. वजन आधी ठरवणे इथेच महत्त्वाचे ठरते. पुढे रंग, कॉकपिट, रिट्रॅक्ट (आत दुमडणारी) चाके आणि नाकातले शिसे यांनी वजन सहा किलोवर गेले, तर हाच वेग ताशी ४५ च्या घरात जातो, आणि कोणताही एअरफॉइल ते ओझे पूर्णपणे भरून काढत नाही.

या वेगाला पंखाच्या सरासरी ३३३ मिलिमीटर कॉर्डचा रेनॉल्ड्स अंक सव्वादोन लाख येतो. हा आकडा बरा आहे आणि बहुतेक जण इथेच समाधान मानून पुढे जातात. पण लंबवर्तुळाकार पंखात अर्ध्या पंखाच्या नव्वद टक्के अंतरावर कॉर्ड १८४ मिलिमीटरच उरते, आणि तिथे त्याच क्षणी अंक सव्वा लाख असतो. वळण घेत उतरताना आतल्या बाजूच्या टोकाचा वेग आणखी कमी असतो. विमान पडते ते बहुधा या टोकामुळे, म्हणून एअरफॉइलची निवड याच आकड्यापासून सुरू करायची.

सव्वा लाख आणि सव्वा कोटी यांत नेमका फरक काय पडतो, हे समजून घेतले नाही तर पुढची निवड निव्वळ सांगोवांगीची राहील. पंखाच्या पृष्ठभागालगत हवेचा एक पातळ थर मंदावलेला असतो. हा सीमास्तर आणि त्याचे महत्त्व लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. (मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे की प्रांटल यांच्या हाताखाली ग्यॉटिंगेनला शिकलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनीच पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ या प्रशिक्षण विमानाची रचना केली, आणि ते १९५१ मध्ये उडाले.) मोठ्या विमानावर हा थर लवकरच खळबळीत होतो आणि खळबळीत थर पंखाच्या मागच्या उताराला चिकटून राहू शकतो. मॉडेलवर तो बराच काळ शांत राहतो, आणि शांत थराला मागचा वाढता दाब सोसत नाही, त्यामुळे तो पृष्ठभागापासून सुटतो. लाखाच्या वर बहुतेक वेळा सुटलेला थर खळबळीत होऊन पुन्हा चिकटतो आणि मधे हवेचा एक फुगा राहतो. सत्तर हजारांच्या खाली जाड एअरफॉइलवर तो अनेकदा परत चिकटतच नाही आणि लिफ्ट एकदम कोसळते. जर्मनीत एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास केलेल्या प्रयोगांत हेच दिसले : जाड, गोल नाकाचा एअरफॉइल एका मर्यादेखाली निकामी होतो, तर साधी वाकवलेली पातळ पट्टी त्याच वेगाला बरी चालते.

यातून निवडीचा एक धागा हाती येतो, पण तो सरळ नाही. १/६ मॉडेलच्या टोकाला सव्वा लाख मिळतात, म्हणजे तिथे मध्यम जाडी आणि गोल नाक चालते, किंबहुना तेच हवे असते, कारण अशा छेदाचा स्टॉल हळूहळू येतो. हीच स्पिटफायर १/१२ प्रमाणात, सातशे ग्रॅम वजनाची केली, तर तिथल्या ९२ मिलिमीटर कॉर्डला स्टॉलच्या वेळी सुमारे ४७ हजारच मिळतात. अशा वेळी टोक जाड करण्याचा सल्ला अपायकारक ठरतो. तिथे ७ ते ९ टक्के जाडी आणि ३ टक्क्यांच्या आसपास बाक योग्य. ‘टोक नेहमी जाड ठेवा’ हा नियम मैदानावर सर्रास ऐकू येतो, पण तो मोठ्या मॉडेलांपुरताच खरा आहे.

आपल्या १/६ मॉडेलसाठी टोकाचा विचार करू. मूळ २२०९.४ ठेवला, तर २ टक्के बाक आणि ९.४ टक्के जाडीमुळे टोकाचा कमाल लिफ्ट गुणांक बुंध्यापेक्षा कमी राहतो आणि टोक आधी सुटते. लंबवर्तुळाकार पंखात हा धोका अधिक असतो, कारण या आकारात लिफ्ट गुणांक संपूर्ण पंखभर जवळजवळ सारखा असतो. टोकाला वेगळी सवलत मिळत नाही. म्हणून टोकाला थोडा अधिक बाक आणि थोडी अधिक जाडी द्यावी. माझी निवड नाका ३४११ ही आहे, म्हणजे ३ टक्के बाक, तो ४० टक्क्यांवर, आणि ११ टक्के जाडी. १८४ मिलिमीटरच्या कॉर्डवर ९.४ टक्के म्हणजे १७ मिलिमीटर आणि ११ टक्के म्हणजे २० मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा हा फरक उभ्या विमानाकडे बघणाऱ्या जाणकारालाही सहजी दिसणार नाही, आणि उतरताना मात्र तो प्रत्येक वेळी उपयोगी पडेल. बाक वाढवण्याचा मोह याहून पुढे नेऊ नये. ४४१२ सारखा छेद टोकाला बसवला, तर वेगात विमान नाक खाली ढकलू लागते आणि उलटे उडताना बेजार करते.

इथे एक गोष्ट बहुतेक जणांच्या नजरेतून सुटते. बाक बदलला की शून्य लिफ्टचा कोन बदलतो. २ टक्के बाकाच्या छेदाची लिफ्ट साधारण उणे २ अंशांना शून्य होते, ३ टक्क्यांच्या छेदाची उणे ३ अंशांच्या आसपास. म्हणजे टोकाचा बाक एका टक्क्याने वाढवला की मूळ अडीच अंशांच्या वॉशआउटमधला एक अंश हवेच्या दृष्टीने खर्ची पडतो. कॉर्डच्या रेषा मोजल्या तर पीळ अडीच अंशच दिसेल, पण हवेला तो दीडच अंश जाणवेल. हे काही प्रमाणात भरून काढण्यासाठी टोकाकडच्या रिबवर, म्हणजे पंखाला छेदाचा आकार देणाऱ्या पातळ फळीवर, एकूण पीळ ३ अंश ठेवावा, असे मी सुचवतो. १८४ मिलिमीटर कॉर्डवर ३ अंश म्हणजे मागची कड सुमारे साडेनऊ मिलिमीटर वर. साडेतीन अंशांपर्यंत जायला हरकत नाही, पण त्यापुढे वेगात टोके खालच्या बाजूला लिफ्ट देऊ लागतात आणि समोरून पाहताना पंखाचा पीळ डोळ्यांत भरतो.

बुंध्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ४२३ मिलिमीटर कॉर्डला स्टॉलच्या वेळीही जवळजवळ पावणेतीन-तीन लाखांचा अंक मिळतो, १३ टक्के जाडीत ५५ मिलिमीटर खोली मिळते, स्पार (पंखातली मुख्य तुळई) आणि चाके त्यात व्यवस्थित बसतात. मूळ २२१३ तसाच ठेवावा किंवा बाक मागे नेऊन २४१३ घ्यावा. उडण्यात मोठा फरक पडणार नाही. फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, पंख मिळतो त्या वळणदार जोडाचा आकार मूळ छेदाशी जुळलेला असल्यामुळे मी तिथे काही बदलत नाही. बुंध्यापासून अर्ध्या पंखापर्यंत हाच छेद चालू ठेवावा आणि तिथून टोकाकडे तो हळूहळू ३४११ मध्ये मिसळावा, म्हणजे एलरॉनसमोरचा (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, टोकाकडच्या हलत्या फळीसमोरचा) सगळा भाग सुधारलेल्या छेदाचा होतो.

हा निर्णय कागदावर ठेवण्याआधी संगणकावर तपासावा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मार्क ड्रेला यांनी १९८० च्या दशकात लिहिलेला एक्सफॉइल हा प्रोग्रॅम आणि त्यावर आधारलेला एक्सएफएलआर५, दोन्ही विनामूल्य मिळतात. इलिनॉय विद्यापीठातील मायकेल सेलिग यांनी जमवलेल्या संग्रहात दीड हजारांहून अधिक एअरफॉइलचे बिंदू मिळतात, आणि त्यांच्या गटाने कमी वेगाच्या बोगद्यात अनेकांच्या चाचण्याही केल्या आहेत. बुंध्याचा छेद तीन लाखांवर आणि टोकाचा सव्वा लाखावर चालवून पाहावा, दोन्ही एकाच अंकावर नव्हे. लिफ्टच्या आलेखात शिखराचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच शिखरानंतरचा उतार महत्त्वाचा असतो : वर सपाट पठार असलेला छेद निवडावा, टोकदार शिखरानंतर कोसळणारा नव्हे. हवेच्या शांतपणाचा जो गुणांक प्रोग्रॅम ९ धरतो, तो घरी घासलेल्या आणि रंगवलेल्या पंखासाठी ५ ते ७ करून पुन्हा पाहावे. एक्सफॉइल कमाल लिफ्ट थोडी उदारपणे सांगतो, त्यामुळे दोन छेदांची तुलना करायला त्याचा उपयोग करावा, अंतिम वेग ठरवायला नाही.

हीच पद्धत दुसऱ्या विमानांना लावली की उत्तरे वेगळी येतात. पायपर जे-३ कबच्या पंखाची कॉर्ड एकसारखी, मूळ विमानात १.६ मीटर आहे; १/५ प्रमाणात ती टोकापर्यंत ३२ सेंटिमीटरच राहते. त्यामुळे तिथे टोकाची चिंता नाही, आणि मूळ यूएसए ३५बी किंवा त्याच्या जवळचा, १९२२ पासून वापरात असलेला ११.७ टक्के जाडीचा क्लार्क वाय, दोन्ही चालतात. पहिल्या महायुद्धातल्या बहुतेक द्विपंखी विमानांचे आणि नंतरच्या टायगर मॉथचेही छेद मुळातच पातळ आणि खालून पोकळ आहेत. ते मॉडेलच्या वेगाला चांगले वागतात, म्हणून ते बदलू नयेत. तिथे अडचण बांधणीची येते. आवरणाचे कापड खालच्या पोकळ बाजूला प्रत्येक रिबशी नीट चिकटवावे किंवा शिवावे लागते, नाहीतर ते ताणून सपाट होते.

पी-५१ मस्टँगच्या बाबतीत मात्र ठाम नकार द्यावा. तिचा लॅमिनर छेद हवा शांत ठेवून घर्षण कमी करण्यासाठी आखलेला होता. मॉडेलवर हवा तशीही शांतच असते, उलट जास्त शांत असते, म्हणून तो लाभ मिळत नाही. बारीक नाकामुळे येणारा अचानक स्टॉल मात्र पुरेपूर मिळतो. बाहेरची रूपरेषा तीच ठेवून आत साधा गोल नाकाचा चार अंकी छेद बसवावा.

निवडलेला एअरफॉइल पंखात प्रत्यक्ष उतरतो की नाही, हे बांधणीवर ठरते. पंखावर दोन्ही बाजूंनी २ मिलिमीटर बाल्साचे (हलक्या लाकडाचे) शीटिंग, म्हणजे पातळ फळ्यांचे आवरण, येणार असेल, तर रिबची रेषा तेवढी आत घ्यायलाच हवी. टोकाच्या २० मिलिमीटर जाडीच्या रिबवर ४ मिलिमीटर वाढले, तर ११ टक्क्यांचा छेद १३ टक्क्यांचा होतो, आणि सगळा हिशेब वाया जातो. पुढच्या कडेचे पहिले दहा-पंधरा टक्के सर्वात महत्त्वाचे आहेत. तिथे प्लायचा किंवा जाड कार्डाचा उलटा साचा कापून, दर दोन रिबमागे लावून पाहत घासावे; डोळ्यांच्या अंदाजाने घासलेले नाक डाव्या-उजव्या पंखांत हमखास वेगळे निघते आणि स्टॉलच्या वेळी तोच पंख आधी पडतो. मागची कड बाल्सा जितकी सोसेल तितकी पातळ ठेवावी. पंख सपाट टेबलावर न बांधता, प्रत्येक रिबखाली मोजून कापलेले ठोकळे ठेवून बांधावा, म्हणजे ३ अंशांचा पीळ शीटिंग चिकटताना पक्का होतो आणि आवरण तापवून ताणताना हलत नाही. लंबवर्तुळाकार पंख फोममधून एका ओळीत तारेने कापता येत नाही, कारण तार बुंधा आणि टोक यांच्यामध्ये सरळच जाते. फोम वापरायचाच असेल तर अर्ध्या पंखाचे किमान तीन-चार तुकडे करावे लागतात.

पहिल्या उड्डाणांत गुरुत्वमध्य आराखड्यातल्या जागेपेक्षा किंचित पुढे ठेवावा. विमान शंभर मीटर उंचीवर नेऊन, नाक वाऱ्याकडे ठेवून, थ्रॉटल कमी करावा आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) हळूहळू ओढत न्यावा. नाक सरळ खाली गेले तर निवड आणि बांधणी दोन्ही जुळल्या. एक पंख पडला तर प्रत्येक वेळी तोच पडतो का हे पाहावे : तोच पडत असेल तर पीळ किंवा नाकाचा आकार दोन्ही बाजूंना सारखा नाही, कधी डावा, कधी उजवा पडत असेल तर टोकालाच लिफ्ट कमी पडते आहे. या दुसऱ्या अवस्थेत दोन्ही एलरॉन एक-दोन मिलिमीटर वर उचलून ठेवावेत, त्याने वॉशआउट वाढवल्याचा परिणाम मिळतो. तेवढ्याने भागले नाही तर बाहेरच्या तिसऱ्या भागात, वरच्या पृष्ठभागावर, पुढच्या कडेपासून २० ते २५ टक्क्यांवर अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवावी. ती हवेचा थर लवकर खळबळीत करते आणि तो पंखाला चिकटून राहतो. शेवटी हीच चाचणी फ्लॅप खाली घेऊन करावी. स्पिटफायरचे फ्लॅप पंखाच्या आतल्या भागातच असल्यामुळे ते खाली असताना त्याच वेगाला विमानाचे नाक अधिक खाली राहते, टोकांवरचा कोन कमी होतो आणि स्टॉल आतल्या बाजूने सुरू होतो. म्हणून या मॉडेलचे उतरणे शक्यतो नेहमी फ्लॅप लावूनच करावे.